पाणी कसं येतं हो इथे?

निवृत्तीनंतर नव्या शहरात राहायचं ठरलं आणि आजी-आजोबांनी एकेक उपनगर पालथं घातलं. जुनं घर विकून झालं होतं, त्यामुळे आज कुठलं तरी एक नक्की करणं भागच होतं. या उपनगरात तर दोघं पहिल्यांदाच पाऊल ठेवत होती.

एजंटने दाखवलेल्या फ्लॅटमध्ये शिरताच आजोबा बाल्कनीत रमले. आजीचा मात्र एजंटवर काडीचा विश्वास नव्हता. तिने नेहमीप्रमाणे सरळ शेजारची बेल दाबली.

"पाणी कसं येतं हो इथे?"

शेजारीण हसली. "काकू, इतकी वर्षं राहून मलाच विचारताय?"

"अहो, मी आत्ताच घर बघायला आलेय!"

शेजारणीचं हसू मावळलं. तिने आतून स्टीलचा डबा आणला. "तुमचा राहिला होता."

झाकणावर आजोबांच्या हातून पडलेला पोचा होता. हा डबा आजीने कालच, जुन्या घरी, स्वतः खोक्यात भरला होता. तिला काही म्हणता काही कळेना.

"माझं ऐका," शेजारीण हळूच म्हणाली, "काका गेल्यापासून तुम्ही फार एकट्या पडलात. लेकीकडे जा."

मागून आजोबांचा खुशीतला आवाज आला, "अगं, ऐकलंस का? मी हो म्हणून टाकलं!"