मुलगा रविवारी येतो

"जरा मऊ हातानं," आजी म्हणाल्या, तेव्हा रफूवालीचा कंगवा त्यांच्या केसांतल्या गाठीत अडकला होता आणि तिची स्वतःची कंबर अगदी मोडून आली होती.

चादर बदलून झाली होती. भांडी घासून पालथी घातली होती. नखं कापून झाली होती, तीही दोनदा, कारण पहिल्या वेळी करंगळीचं टोक टोचतं म्हणून आजींनी तोंड वाकडं केलं होतं. दर रविवारी हेच. चर्चमधली मंडळीची भक्ती आटोपली की रफूवाली घरी न जाता तीन जिने चढून इथं यायची. आल्या आल्या आजींचं वाक्य ठरलेलं असायचं: नीट आवरून दे गं, आज मुलगा येतो.

हा मुलगा तिनं कधी पाहिला नव्हता. आपण निघून गेल्यावर, सगळं लख्ख झालं की मग साहेब येत असणार, असा तिचा अंदाज होता. आठ महिन्यांत त्यानं उशीचा एक अभ्रा धुतल्याची खूणही तिला दिसली नव्हती.

आठवड्याचे सहा दिवस ती लाँड्रीच्या मागच्या खोलीत दिव्याखाली बसून लोकांच्या कोटांना पडलेली भोकं बुजवायची. आतल्या दुमडीतून धागा उसवून काढायचा आणि असा विणायचा की भोक कुठं होतं ते कोटवाल्यालाही सापडू नये. मध्यंतरी डोळ्यांपुढं दुधासारखं पांढरं झालं, सुईचं नाक दिसेना आणि ते काम सुटलं. मग एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि सुई पुन्हा हाती आली.

उपकारस्तुतीच्या रविवारी तिनं मंडळीपुढं उभं राहून साक्ष दिली होती. सात जूनला दुपारी दवाखान्यातून फोन आला, डोळा मिळालाय, ताबडतोब या. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली आणि पहिलं काय दिसलं, तर नवऱ्याचं दाढी वाढलेलं तोंड. मंडळी हसली. तिला मात्र रडू आलं. देवानं एवढं दिलं, आता मी काय देऊ, म्हणत तिनं जवळ होतं ते देऊन टाकलं: आठवड्यातला सुटीचा एकुलता एक दिवस, कुणा गरजवंताच्या सेवेसाठी.

चारच दिवसांनी पाळकांनी आजींचं नाव सांगितलं. आजी मंडळीत नव्या होत्या. उपकारस्तुतीच्या त्या रविवारी तेवढ्या कुणाचा तरी हात धरून येऊन मागच्या बाकावर बसल्या होत्या. मदतीला गेलेल्या मंडळीतल्या दोघी बहिणींना त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. ती रफू करणारी असेल तर पाठवा, म्हणाल्या. रफूवालीला तेव्हा बरं वाटलं होतं.

आता वाटत नव्हतं. सुरुवातीला जिना चढताना ती मनात प्रभूचे आभार मानायची; हल्ली पायऱ्या मोजायची. "देवानं तुला एक डोळा दिला आणि तू त्याला अख्खी कंबर देऊन बसलीस," नवरा म्हणाला होता. ती हसली होती, पण तेव्हाच तिचं ठरलं होतं.

वेणी घालून झाल्यावर तिनं सांगून टाकलं. पुढच्या रविवारपासून मंडळीतली दुसरी बहीण येईल, चांगली आहे, हातही मऊ आहे. आजी भांडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, तुला फार त्रास झाला का. झाला, असं तिच्या तोंडून निसटलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

लाजेचा राग आला आणि तो राग त्या मुलावर गेला. ती खुर्ची ओढून आजींसमोर ठाण मांडून बसली.

"आज मी त्याला भेटूनच जाणार आहे," ती म्हणाली. "आईचं सगळं परक्यानं करायचं आणि यानं नुसतं बघून जायचं. दोन शब्द सांगते त्याला. किती वाजता येतो?"

आजींनी वेणीवरून हात फिरवला. सगळं जागच्या जागी आहे ना, ते चाचपून पाहिलं.

"सात जूनला सकाळी गेला तो," त्या म्हणाल्या. "डोळे द्यायच्या कागदावर सही मीच केली. कुणाला देणार ते सांगत नाहीत ते लोक. ते मला तुझ्या तोंडून कळलं." मग काठीवर जोर देऊन त्या तसूतसूनं पुढं सरकल्या, खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर घेतला आणि तिच्यासमोर ताठ बसल्या. "थांब, लगेच उठू नकोस. बघू दे त्याला."