उपासाचा डोंगर

वत्सलाबाईनं गोळी पाट्यावर ठेवली, वरवंट्यानं दाबली आणि तो पांढरा भुगा सिदूच्या आमटीत बोटानं कालवून टाकला. येसराच्या मसाल्याची आमटी झणझणीत, तिच्यात कडू काय नि गोड काय! सिदूनं भाकरी कुस्करली, भुरके मारत ताटली पुसून खाल्ली.

"आई, आज आमटी लई भारी झाली गं."

"खा बाबा. तुझ्यासाठीच केली."

पावसानं दगा दिला, ऊस जळाला, कारखान्याचं धुराडं थंड पडलं. ऊसतोडीला जाणारं सगळं गाव कारखान्यानं उघडलेल्या चारा छावणीत गुरं घेऊन पडलं होतं. तिथंच सिदूच्या कानात कुणीतरी बोलायला लागलं. चांगला पंचविशीतला गडी, पण रात्र रात्र टक्क जागा. एकदा तर त्या आवाजाचं ऐकून स्वतःच्याच बैलावर कोयता घेऊन धावला. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि बजावलं, "बाई, हा आजार आहे. गोळी चुकवायची नाही."

छावणीत प्रभूची मंडळी चालवणारे पास्टर आप्पाराव म्हणाले, "आजार कसला? दुष्टात्मा हाय. गोळीवर इस्वास ठेवायचा का प्रभूवर, एक काय ते ठरवा."

मंडळीदेखत त्यांनी गोळ्यांचं पाकीट सिदूच्याच हातानं चुलीत टाकायला लावलं. वत्सलाबाई सगळ्यांबरोबर हालेलुया म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी बहिणीचं निमित्त करून तिनं अंबाजोगाईची एसटी धरली. देवही पाहिजे आणि लेकही पाहिजे, बाईनं करावं तरी काय!

सिदू बरा झाला. दर रविवारी छावणीतल्या मांडवात उभा राहून साक्ष द्यायचा, "गोळ्या जाळल्या आन प्रभूनं मला बरं केलं." माणसं टाळ्या पिटायची. वत्सलाबाई पदरात तोंड लपवायची. लोकांना वाटायचं, आनंदानं रडतीय.

पास्टर ढोंगी नव्हते बरं का. माणूस सरळ. कुणाच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. बायको कडूबाई, म्हणजे मंडळीच्या आक्का, डबा भरून द्यायच्या, तेवढाच खायचे. एकच दुःख ते मांडवात बोलून दाखवायचे.

"लग्नाआधी प्रभू माझ्याशी बोलायचा. आता तुमच्याशी बोलतोय ना, तसा. इतकी वर्षं झाली, चकार शब्द न्हाई. या मंडळीत कुणाचं तरी पाप आडवं येतंय."

ते पाप आपलंच, असं वत्सलाबाईला वाटायचं.

एका रविवारी आक्का माहेरी गेल्या होत्या. पास्टर उभे राहिले.

"पावसासाठी उपास धरतोय. धारूरच्या डोंगरावर जाऊन बसणार. प्रभू बोलस्तोवर अन्न न्हाई. अब्राहामानं देवाच्या शब्दावर लेकरू बळी द्यायला डोंगरावर नेलं, तवा त्याचा इस्वास देवानं पारखला. मला पोटचं लेकरू न्हाई. सिदू माझं लेकरू. त्याला संगं नेतो."

सिदूचं तोंड उजळलं. वत्सलाबाईनं मात्र हिशेब केला. भाकरी नाही, म्हणजे आमटी नाही.

"पास्टर, त्याला कशाला नेता? अशक्त हाय तो."

"सैतान आईच्या मायेतूनच बोलतो, वत्सलाबाई."

गेले दोघं. मंगळवारी ती डबा घेऊन डोंगर चढली, तर सिदूनं हात लावला नाही. डोळे लालबुंद.

"आई, मधी येऊ नको."

गुरुवारी सकाळी गुराखी म्हाळू निरोप घेऊन पळत आला. प्रभू बोलला! काल पास्टरांशी प्रभू बोलला! छावणीत आनंदीआनंद. बायांनी गाणी धरली. पास्टरांनी लाकडं तोडायला कोयता मागवला होता. वत्सलाबाईनं आपला काढून दिला. नाही कसं म्हणायचं?

म्हाळू दिसेनासा झाला आणि तिला तो बैल आठवला. अगं बाई गं! सिदूच्या हाती कोयता पडला तर पास्टरांचं काय होईल?

तेवढ्यात फाट्यावर एसटी थांबली. आक्का पिशवी घेऊन उतरल्या. वत्सलाबाई धावली आणि भर रस्त्यात तिनं त्यांचे पायच धरले.

"आक्का, मला मंडळीतून काढा, तोंडाला काळं फासा. सिदूला गोळीनं गुण आलाय. मी चोरून घालते, आमटीत. पास्टरनं त्याला उपासाला डोंगरावर नेलंय. गोळी बंद पडली."

आक्कांचा चेहरा दगडासारखा झाला.

"कवा गेले?"

"रविवारी."

"ह्यांनी मधी काय खाल्लं का?"

"घास न्हाई. निसतं पाणी."

"गोळी बंद झाली की आवाज किती दिसांनी येतो?"

ही बाई साक्षीपुरावा गोळा करतीय, येत्या रविवारी सगळ्यांपुढं आपली अब्रू काढणार, असं वत्सलाबाईला वाटलं. वाटू दे. लेकराहून अब्रू मोठी आहे का?

"दोन-तीन दिसांनी. आधी झोप उडती. मंग आवाज सांगल तसं करतो. आक्का, पास्टरचा जीव वाचवा! प्रभू बोलला म्हणून त्यांनी कोयता मागवला. मीच दिला."

आक्कांनी हातातली पिशवी उघडली. आत गोळ्यांची पाकिटं होती, सिदूच्या होत्या तसलीच.

"मी माहेरी न्हवते गेले, वत्सला," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या गोळ्या आणाया गेलते. लगीन झाल्यापासनं डब्यात घालते मी."