रिकामे खटके

बाथरूमच्या दाराच्या फटीत टॉवेल कोंबून तिनं दिवा मालवला आणि चाचपडत सासऱ्यांच्या जुन्या कॅमेऱ्याची पाठ उघडली. बोटांना लागली ती फिल्मची कड. वेडीवाकडी, आडवी फाटलेली. इतके दिवस मनाशी धरलेली वेडी आशा तिथंच संपली. सासूबाईंचा एकही फोटो आला नव्हता.

आईंनी उभ्या आयुष्यात कधी हौसेनं फोटो काढून घेतला नव्हता. सासऱ्यांचा स्टुडिओ होता. ते पुढे गिऱ्हाइकांचे फोटो काढायचे आणि आई मागच्या अंधाऱ्या खोलीत ते धुवायच्या. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायच्या, "माझं तोंड बघून भिंग तडकेल." आजारपणात मात्र एका सकाळी त्या आपणहून केस विंचरून खिडकीशी येऊन बसल्या.

"काढ बाई काय तो फोटो. माझं मन बदलायच्या आत."

रिळावर नातवंडांचे फोटो काढून झाले होते. फिल्म पुढे सरकवायला तिनं कळ ओढली. कळ अर्ध्यावर अडली. घाईघाईत तिनं जोर लावला, आत कर्रकन आवाज झाला आणि कळ एकदम सैल पडली. काय झालं ते तिला कळून चुकलं. पण समोर आई हनुवटी उचलून बसल्या होत्या. सांगायला जीभ रेटेना. दुरुस्त करून उद्या पुन्हा काढू, असं स्वतःला बजावत ती रिकामे खटके दाबत राहिली.

"जरा इकडे बघा. आता थोडं हसा. हां, अस्सं."

आई खुलत गेल्या. हसल्या, एकदा तर चक्क लाजल्या.

तो उद्या उगवलाच नाही. त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात हलवलं आणि तिथून त्या परतल्या नाहीत.

तेव्हापासून नवरा विचारत होता, रीळ धुवायला कधी देतेस. ती कामांच्या सबबी पुढे करत होती. सासरे तेवढे म्हणायचे, "राहू दे रे, होईल सावकाश." त्यांच्या त्या समजूतदारपणानं तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नातवंडांची फिल्म डबीत घट्ट बंद करून ती बाहेर आली आणि सासऱ्यांच्या खुर्चीपुढे जमिनीवरच बसली.

"बाबा, मी आईंना फसवलं. त्यांच्या पहिल्या फोटोच्या आधीच फिल्म तुटली होती. मी नुसतं नाटक केलं."



"तिला माहीत होतं," सासरे म्हणाले. "फिल्म तुटल्याचा आवाज तिला कळणार नाही होय? दवाखान्यात मला म्हणाली, पोरीला काही बोलू नका."

"मग त्या बसून का राहिल्या?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. अख्ख्या गावाचे चेहरे त्यांनी त्या कॅमेऱ्यातून न्याहाळले होते.

"मीही तेच विचारलं. म्हणाली, इतका वेळ माझ्याकडे कुणी कधी पाहिलंच नव्हतं."