डब्यातलं हुमण

माझं लग्न झालं आणि पंधरा दिवसांत सासऱ्यांचं पोट दुखायला लागलं. म्हापशाला दोनदा सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, सगळं नॉर्मल. मग कारापूरच्या आमच्या घरात सगळ्यांची नजर माझ्या हातांवर. मी सावंतवाडीकडची, त्यात नवऱ्याने, साईशने, स्वतःच्या मनाने केलेली.

माझ्या हातचं जेवण त्यांनी बंद केलं. पिण्याचं तर मी आले त्या दिवसापासूनच वेगळं होतं. रोज सकाळी तांब्याच्या गडूत स्वतः पाणी भरायचे, पोटाला बरं म्हणून त्यात कोकमाचं आगळ घालायचे आणि गडू कपाटात ठेवून कुलूप लावायचे. किल्ली गळ्यात. तरी दुखणं काही थांबेना.

काल साखळीच्या नव्या डॉक्टरांकडे जाताना त्यांनी मी केलेलं माशाचं हुमण डब्यात भरून घेतलं.

"हें तपासून बघा," त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "हिने काय घातलंय तें हिच्यासमोरच सांगा." एवढं बोलून घसा सुकला, म्हणून पिशवीतला गडू काढून घोटभर प्यायले.

डॉक्टरांनी डबा उघडलाच नाही. गडू मागून घेतला, आतून बोट फिरवलं आणि हिरवं झालेलं बोट आम्हाला दाखवलं.

"तांब्यात आंबट ठेवलं की त्याचं विष होतं. तेच रोज पोटात जातंय. कोण भरून ठेवतं हे?"



सासऱ्यांनी गळ्यातली किल्ली हळूच शर्टाच्या आत सरकवली.