किती सोडायचे?

गच्च तुंबलेली लघवी.

दारावर लाल अक्षरात: अत्तर नको, नेलपॉलिश नको, सुवासिक साबण नको.

"अजून दोन घोट घे. पोट भरलेलं असलं की पडद्यावर नीट दिसतं म्हणे." सासूबाई, हातात पाण्याची दुसरी बाटली.

लॅबमधल्या काचेच्या बशीत दोन ठिपके, पाच दिवसांचे गर्भ. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

नवऱ्याच्या डोक्यावर निळी टोपी, उलटी.

भिंतीतली छोटी खिडकी सरकली. पलीकडे लॅबमधली बाई. तोंडाला मास्क, दिसतात ते फक्त डोळे.

"नाव सांगा."

टेबलावर पाय वर करून झोपलेल्या बाईने नाव सांगितलं.

"किती सोडायचे?"

उत्तर कागदावर असतंच. तरी पेशंटच्या तोंडून ऐकल्याशिवाय लॅबमधली बाई नळी भरत नाही.

"एक."

डॉक्टरबाईंचा पोटावर फिरणारा हात थांबला. "सही दोनवर आहे."

"आपलं दोन ठरलं होतं," नवरा म्हणाला.

"तुझं आणि आईंचं ठरलं होतं."

दार किलकिलं झालं. सासूबाईंना आत यायची परवानगी नव्हती, आवाजाला होती. "अगं, एका खेपेत दोन होतायत तर होऊ देत की! पुन्हा त्या सुया, पुन्हा ही टांगाटांगी. आणि एकच ठेवला नि तोही नाही राहिला, मग?"

"मग पुन्हा पाणी पिईन."

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली. हसल्या असाव्यात. "मी एकच सांगितला होता, आठवतं ना? पण ठरवा पटकन. यांना असं फार वेळ ठेवता येणार नाही."

"मी थांबेन," टेबलावरची म्हणाली. कपाळावर घाम, ओठ दाताखाली, पायाचे अंगठे आत वळलेले. ती थांबली.

नवऱ्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. खिडकीतले डोळे हलले नाहीत.

"आई," ती छताकडे बघत म्हणाली, "मागच्या वेळी दोन सोडले, दोन राहिले. सगळ्यांना पेढ्यांची घाई. दोघी सहाव्या महिन्यातच बाहेर आल्या. दोघींना धड श्वास घेता येईना. एकीला तरी तुम्ही मांडीवर घेतलंत?"

दाराची फट बोटभर रुंदावली.

"घेऊ कुठे दिली मला कुणी," सासूबाई म्हणाल्या. मग नाक ओढलं. मग एकदम खेकसल्या, "एकच ठेवा हो डॉक्टर! आणि तू रे, टोपी सरळ कर आणि काय ते कागद बदल. पोरीला मोकळं करा आधी, बघवत नाही मला!"

"आई, तुम्हाला दिसतंय कुठे?"

"कळतंय ना पण!"

दोनवर काट बसली. शेजारी तिची सही, झोपल्या झोपल्या केलेली, उतरत गेलेली. नवऱ्याने खाली आपली केली, आणि टोपी सरळ केली.

"किती सोडायचे?" खिडकीने पुन्हा विचारलं, जणू पहिल्यांदाच.

"एक!" टेबलावरून. "एक," नवऱ्याकडून. "एक एक!" दाराच्या फटीतून.

"नुसता एक," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुसरा गोठवून ठेवा."

नळी आत गेली. पडद्यावरच्या करड्या धुक्यात एक पांढरा ठिपका चमकला आणि थांबला.

"झालं?"

"झालं."

"जाऊ?"

"जा. तो काही पडत नाही."

ती निघाली. गाऊनच्या मागच्या नाड्या धरून नवरा, त्याच्या मागे "सावकाश गं! धावू नकोस!" करत सासूबाई, आणि समोरून येणारी नर्स भिंतीला चिकटून उभी. सगळा व्हरांडा तिला वाट देत होता. दार आपटलं. आतून आधी धबधबा ऐकू आला, मग ती मोठमोठ्याने हसायला लागली.

दुसरा अजून गोठलेलाच आहे. त्याच्या बहिणीचा पहिला दात परवा पडला.