फळ्यावरची चूक

ज्याची चूक त्यानेच सकाळच्या वर्गाआधी फळ्यावर लिहायची, म्हणजे बाकीचे शहाणे होतात. नाव मात्र घालायचं नाही. वैमानिक घडवणाऱ्या त्या लहानशा शाळेत हा नियम पिंगळे सरांनीच घातला होता. आज ते स्वतः खडू घेऊन आले, तर फळा आधीच भरलेला.

अक्षर त्यांच्या विद्यार्थिनीचं, ऋजुताचं होतं. ‘काल विमान उतरवताना धावपट्टीवरची नीलगाय मला लांबूनच दिसली होती. शेजारी सर आहेत, त्यांना दिसलीच असेल, असं समजून मी गप्प बसले. दिसलं की लगेच बोला.’

सर बाकावर बसले. त्यांना नीलगाय दिसली होती अगदी शेवटच्या क्षणी. त्यांनी विमान कसंबसं पुन्हा वर ओढलं, तेव्हा चाकं तिच्या पाठीच्या हातभर वरून गेली. लांबचं धूसर दिसतं, ही गोष्ट ते दिवाळीपासून मनात दाबून होते. पोरीने सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. फळा असाच राहू दिला, तर कुणी काही विचारणार नव्हतं.

ऋजुता दारात येऊन थबकली. “सर, मी लिहिलंय,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही नका लिहू.”

“तुझी तू लिहिलीस,” सर उठले. “माझी राहिलीय.”

त्यांनी खाली लिहिलं, ‘मला ती वेळेत दिसली नाही. डोळे साथ देत नाहीत. आजपासून मी विमान उडवणार नाही.’

आणि नियम मोडून खाली आपलं पूर्ण नाव घातलं.