पाय जुळवून

सबस्टेशन सुरू व्हायला पाच मिनिटं होती. जावई रबरी हातमोजे चढवून स्विचच्या दांड्यापाशी उभा होता आणि सासरे त्याच्या बुटांकडे बघत होते.

सासरे इथले सुपरवायझर. आवारभर खडीखाली तांब्याच्या पट्ट्यांचं जाळं पुरलेलं. वीज भरकटलीच तर मातीत मुरावी, माणसात नको, एवढीच त्यामागची माफक अपेक्षा. एकशे चाळीस सांधे साच्यात पावडर पेटवून, तांबं वितळवून एकजीव करायचे होते. नऊ झाले, मग पावडर सादळली. उरलेले नट-बोल्टने आवळून मातीआड केले. फोटो मात्र एकशे चाळीस निघाले. तेच नऊ सांधे, नवरीसारखे, सगळ्या बाजूंनी. प्रत्येकाखाली सासऱ्यांची सही. बदलीवर जावईच येईल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

"बाबा, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त," असं लेक सकाळीच फोनवर म्हणाली होती.

"जावईबापू," सासरे हळूच म्हणाले, "पाय जरा जुळवून उभे राहा."

"का हो मामा? खाली सगळं एकजीव आहे ना?"

"आहे की. कागद आहेत."

"मग?"

"सवय आपली चांगली."

जावयाने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. जमिनीत वीज पसरली, की दोन पावलांत जेवढं अंतर तेवढा धक्का मोठा. हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच शिकवतात. पाय जुळलेले असतील तर माणूस वाचतो.

त्याने मान वळवली. उद्घाटनाच्या फोटोसाठी रांग लागली होती. ठेकेदार, वेल्डर, स्टोअरकीपर. शाळेतल्या प्रार्थनेसारखे सगळ्यांचे पाय टाचेला टाच लावून. सांध्यांचे फोटो पाहून काम मंजूर करणारे मोठे साहेब आकाशाकडे बघत होते. त्यांचा डावा बूट तेवढा खडीतून करकरत उजव्याकडे सरकत होता.

"चला, चला, उशीर होतोय," साहेब आकाशालाच म्हणाले.

जावयाने दांड्यावरचा हात काढला. हातमोजे उतरवून सासऱ्यांपुढे धरले.

"मामा, पहिला मान मोठ्यांचा. या."

अंतर फार तर चार पावलांचं होतं. सासऱ्यांनी हात पुढे केला, मान पुढे केली, कमरेतून वाकूनही पाहिलं. पाय मात्र जुळलेलेच राहिले.